पाहुण्यासाठी आवरलेली खोली

मुलांनो,

तुमच्यातल्या थोरलीने गेल्या आठवड्यात एक फोटो पाठवला. घरांतली आणि ऑफिसांतली हवा तपासणारी जाणकार म्हणून तिला प्रमाणपत्र मिळालं, त्याचा. काळी चौकट, सोनेरी शिक्का, आणि बाजूला ती हसत उभी. फोटो पाहिला आणि खरं सांगते, आनंदाच्या आधी मला राग आला. तुझ्यावर नाही गं. तसंच एक प्रमाणपत्र गळ्यात अडकवून एक गृहस्थ मागच्या पावसाळ्यात नागपूरहून आपल्या बालाघाटात आले होते, त्यांच्यावर. तो राग अजून उतरलेला नाही, आणि तो उतरावा अशी माझी इच्छाही नाही.

प्रमाणपत्राबरोबर तू तुमच्या धंद्याचे नीतिनियमही पाठवलेस. ते मी चष्मा पुसून शेवटपर्यंत वाचले. ज्याने हवा तपासायची त्याने त्याच घरात यंत्र विकू नये, जे मोजलं नाही त्याबद्दल बोलू नये, आपल्याला जे कळत नाही त्यात पडू नये, असं सगळं त्यात आहे. चांगलं आहे. पण आपल्याकडच्या घरांत एक गोष्ट घडते, तिचा त्यात उल्लेख नाही. म्हणून हे सविस्तर लिहायला बसले. तिघांनीही वाचा.

माझी धाकटी जाऊ, म्हणजे तुमची धाकटी आजी, आपल्या मागच्या गल्लीत राहते. तिच्याकडे किरनापूरच्या शेतातला वर्षभराचा चिन्नोर तांदूळ येतो. तो टिनाच्या मोठ्या कोठ्यांत भरून एका खोलीत ठेवतात. पावसाळ्यात तांदळाला सोंडे लागू नयेत म्हणून चिंधीत गोळ्या बांधून कोठीत टाकायच्या, ही तिच्या घरची पद्धत. तिच्याच काय, इथल्या बऱ्याच घरांची. मुलाचं लग्न ठरलं तेव्हा नव्या जोडप्याला खोली हवी म्हणून त्याच कोठीच्या खोलीत मधोमध एक भिंत घातली. अर्ध्यात तांदूळ, अर्ध्यात मुलगा आणि सून. भिंत छतापर्यंत नेली नाही. वर हातभर मोकळं ठेवलं, म्हणजे कोठीच्या बाजूलाही उजेड जाईल. त्या दिवसापासून घरच्यांच्या डोक्यात त्या दोन खोल्या झाल्या. हवेला मात्र ते कुणी कळवलं नव्हतं.

सून लामत्याची. बी.ए. झालेली, शिक्षकभरतीच्या परीक्षेचा अभ्यास करणारी, दुपारभर त्या खोलीत पुस्तकं घेऊन बसणारी. तिचा नवरा, माझा पुतण्या, खैरलांजीला बँकेत आहे. तिथेच खोली घेऊन राहतो आणि शनिवारी संध्याकाळी मोटारसायकलने घरी येतो.

पाऊस सुरू झाला, खिडक्या बंद राहू लागल्या, आणि सुनेचं डोकं दुखायला लागलं. मळमळ व्हायची, छातीत जड वाटायचं. आधी सगळ्यांना गोड बातमी वाटली. जाऊने तर माझ्याकडे येऊन पेढ्यांची गोष्टही काढली. तसं काही नाही हे कळलं आणि तिचा सूर बदलला.

एकदा मी गेले असताना सून मला हळूच म्हणाली, “मोठ्या आई, त्या खोलीत वास येते.”

“कसला गं?”

“लसूण सडल्यावानी.”

स्वयंपाकघरातून जाऊचा आवाज आला. “लसूण फोडणीत पडते आमच्या इथं. लामत्याले नाई पडत का?”

मग माझ्याकडे वळून म्हणाली, “बाई, तुम्हीच सांगा. लामत्याले गेली की दुसऱ्या दिवशी टुणटुणीत. इथं आली की पुन्हा सुरू. असं कोणतं दुखणं आहे बापा, जे बसमध्ये बसलं की उतरते?”

हा टोमणा साऱ्या गल्लीत फिरला. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. त्या प्रश्नाचं सरळ उत्तर शोधावं असं कुणाला वाटलं नाही. रविवारी पुतण्याचंही डोकं जड असायचं. तो ते मोटारसायकलच्या नावावर घालायचा.

पण पुतण्या बायकोच्या बाजूचा होता. त्याने मोबाइलवर शोधून या गृहस्थांना बोलावलं. आईला म्हणाला, “तो मशीन लावून दाखवते. हवा खराब असली तर कागदावर येईल. मग तर मानशील?”

“अन् नसली तर?”

“नसली तर नाई.”

बिचाऱ्याला वाटलं, आपण बायकोला पुरावा मिळवून देतो आहोत. त्या तीन शब्दांत त्याने तिचा शब्द पणाला लावला, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. आता त्या यंत्रावर हवेचाच नव्हे, त्या मुलीच्या खरेपणाचा निवाडा होणार होता.

आणि आता ती गोष्ट, जी तुझ्या नियमांत नाही. आपल्या घरात परका माणूस येणार म्हटलं की आपण काय करतो? घर आवरतो. गॅसची शेगडी दुरुस्त करणारा येणार असेल तरी आधी शेगडी घासून ठेवणाऱ्या बायका आम्ही. साहेब नागपूरहून येणार, आतल्या खोलीत जाणार, आणि तिथे कोठ्या, पोती, जाळी-जळमटं? जाऊ शुक्रवारीच कामाला लागली. माणसं लावून कोठ्या मागच्या पडवीत नेल्या. दोन्ही खोल्या धुतल्या, फिनाइलने पुसल्या. रविवारी उजाडल्यापासून दारं-खिडक्या सताड उघडी आणि पंखा भरधाव. खोलीत शिरले तर नदीकाठी उभं राहिल्यासारखं वाटत होतं.

सून दारात उभी राहून सगळं पाहत होती. म्हणाली, “आई, कोठ्या राहू द्या ना. रोज असते तसंच पाहू द्या त्यांले.”

“हौ, अन् जाऊन सांगू दे नागपूरले, बालाघाटचे लोक उकिरड्यात झोपतात म्हणून.”

जाऊला मी दोष देत नाही. तिने जे केलं ते आपल्यापैकी कुणीही केलं असतं. घर वाईट दिसू नये एवढंच तिला कळत होतं. पण येणाऱ्याचं काम तर हवा ओळखण्याचंच होतं. शंभर घरं पाहिलेल्या माणसाला हे कळायला नको?

साहेब आले. पांढरे बूट, त्यावर प्लास्टिकच्या पिशव्या, गळ्यात ओळखपत्र. तिपाईवर यंत्र लावलं. मी त्यांना सरळ सांगितलं, “ही खोली रोज अशी नसते. परवापर्यंत भिंतीपलीकडे तांदळाच्या कोठ्या होत्या. खिडक्या बंद असतात.”

“आजी, काळजी नको. मशीनला सगळं कळतं.”

मी त्यांची आजी नव्हे, पण ते सोडून दिलं. “कोठ्या जागेवर ठेवून, खिडक्या लावून पुन्हा मोजता येईल का?”

“मग ती दुसरी व्हिजिट होईल. अन् गरजच नाही, आजी.”

सून पुढे झाली. “साहेब, वास आज नाही आहे. रोज येते.”

साहेब हसले. “म्हणजे आम्हाला पाहून पळाला!”

सगळे हसले. जाऊ सगळ्यांत मोठ्याने. सून हसली नाही, आणि त्यानंतर दिवसभर तिने तोंड उघडलं नाही. एखाद्याला गप्प करायला दटावावं लागत नाही, चारचौघांत त्याच्या तक्रारीचा विनोद केला की पुरतं. वैद्यकीतला, वकिलीतला किंवा तुझ्या धंद्यातला, कुठलाही शिकलेला माणूस हे करतो तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड होतो. तिने त्यांना खोलीतली सगळ्यात कामाची गोष्ट सांगितली होती. वास कसला, कधी येतो, कुठून येतो, एवढं तरी विचारायचं. भिंतीच्या वर मोकळं का आहे, पलीकडे काय ठेवता, त्या तांदळात काही घालता का? एक प्रश्न नाही. मान वर करून त्या फटीकडे पाहिलंसुद्धा नाही.

वर आणखी एक खेळ झाला. साहेबांनी जाऊकडून उदबत्ती मागून घेतली आणि यंत्राजवळ पेटवली. लाल आकडे भराभर चढले. “पाहा ताई, डोळ्यांना दिसत नाही, पण असतं!” जाऊ थक्क. लगेच गाडीतून खोकं आलं, हवा शुद्ध करणाऱ्या यंत्राचं.

मी विचारलं, “हवा वाईट आहे का?”

“नाही नाही, एकदम चांगली आहे.”

“मग यंत्र कशाला?”

“चांगली राहावी म्हणून.” जाऊने ते घेतलंच.

ते यंत्र धूळ धरतं. त्या खोलीत जे होतं ते त्याने धरलं नसतं, आणि त्यांच्या तिपाईवरच्या यंत्रानेही ते मोजलं नसतं. हे मला नंतर कळलं. त्यांना तेव्हाच माहीत असायला हवं होतं.

रिपोर्ट दुसऱ्या दिवशी मोबाइलवर आला तेव्हा नेमके सुनेचे वडील लामत्याहून आले होते. पिशवीत काकड्या आणि वडीसाठी कोचईची, म्हणजे अळूची पानं. जाऊने मला बोलावून घेतलं. “बाई, तुम्ही इंग्रजी शिकल्या. वाचून दाखवा सगळ्याइले.”

वाचलं. लिहिलं होतं की खोल्या रोजच्या वापराच्या स्थितीत तपासल्या. हवेत अपायकारक काही आढळलं नाही. रहिवासी महिलेच्या तक्रारीचा हवेशी संबंध दिसत नाही, मानसिक ताणाचा विचार करावा.

मी तिथेच थांबले आणि म्हणाले, “पहिलंच वाक्य खोटं आहे. खोली रोजच्या स्थितीत नव्हती. मी त्यांना तोंडावर सांगितलं होतं. आणि हे डॉक्टर नाहीत. हिच्या मनाबद्दल लिहिणारे हे कोण?”

जाऊ म्हणाली, “तुम्ही तर प्रत्येक कागदात चुका काढता, बाई. मास्तरकी गेली नाई तुमची.” मग व्याह्यांकडे वळून, “ऐकलं ना, दादा? मशीननं सांगतलं.”

म्हातारा काकड्यांची पिशवी खाली ठेवून उठला. मग मुलीला म्हणाला, “चाल बाई. सामान घे.”

“बाबा, मी खोटं नाई बोलून राह्यली.”

“मी म्हणतलं का? चाल.”

रजा काढून थांबलेला पुतण्या भिंतीला टेकून उभा होता. त्याने स्वतःच मान्य केलेला निवाडा होता, बोलणार काय! सून पुस्तकांची पिशवी घेऊन वडिलांच्या मागे बसस्टँडकडे गेली. गल्लीतल्या दारांत बायका उभ्या होत्या. हवेबद्दल लिहिलेल्या कागदाने एका मुलीच्या कपाळावर शिक्का मारला: हिच्या डोक्यातच काहीतरी आहे. लिहिणारा तोवर दुसऱ्या गावी उदबत्ती पेटवत असेल.

ती गेल्यावर कोठ्या पडवीतून परत खोलीत आल्या. पडवीत तांदळाला ओल लागली होती, म्हणून जाऊने नव्या गोळ्या घातल्या, नेहमीपेक्षा जास्तच. खिडक्या लावल्या, कारण पाऊस आडवा येत होता. आणि एवढं यंत्र आणलं आहे, रिकाम्या खोलीत वाया का घालवायचं म्हणून दुपारची झोप ती त्या खोलीत घेऊ लागली. यंत्र घुर्रघुर्र चालू, बाजूला जाऊ घोरते आहे. मला सांगायची, “गार हवा येते, बाई. पोरीले सुख टोचत होतं.”

एका संध्याकाळी मी डबा परत द्यायला गेले तर ती मोरीत बसलेली. ओकून ओकून डोळे पांढरे झालेले. उभं राहता येईना. ऑटो बोलावून दवाखान्यात नेलं. तिथली तरुण डॉक्टरीण नाडी पाहता पाहता विचारू लागली. काय खाल्लं? कुठे झोपल्या होत्या? त्या खोलीत काय असतं? तांदूळ म्हटल्याबरोबर तिने मान वर केली. “धान्यात गोळ्या टाकता?”

एवढाच प्रश्न. बाकी कसलं यंत्र लागलं नाही.

तिने सांगितलं की दमट हवेत त्या गोळ्यांतून विषारी वायू निघतो. त्याला लसणासारखा वास येतो. बंद खोलीत त्याने माणसं दगावतात, आणि आम्ही थोडक्यात वाचलो. घरी कुणी झोपायचं नाही, दारं-खिडक्या उघडून सगळ्यांनी बाहेर राहायचं, मगच कोठ्या हलवायच्या.

जाऊ खाटेवर डोळे मिटून ऐकत होती. डॉक्टरीण गेल्यावर म्हणाली, “बाई, वास मलेही आलता.”

मी तिच्या अंगावरची चादर सारखी केली.

“मी म्हटलं, फोडणीचा असंल.” मग तोंड भिंतीकडे करून म्हणाली, “बरी झाली की मले लामत्याले घेऊन चाला.”

ती बरी झाल्यावर आम्ही दोघी बसने गेलो. सून अंगणात वाळवण उचलत होती. सासूला पाहून तिने पदर सावरला, पाया पडली, पण नजर दिली नाही. जाऊने बसायच्या आधीच, उभ्या उभ्या, शेजारचे ऐकतील अशा आवाजात सांगितलं, “दादा, पोरगी खरी होती. मी मरता मरता वाचली तेव्हा मले समजलं. तिले न्यायले आली मी.”

व्याह्यांनी खाट टाकली, पाणी दिलं. मग सावकाश म्हणाले, “विहीणबाई, तुम्ही बोलल्या, मी ऐकलं. पण त्या दिवशी कागद वाचला होता. तो कागद अजून तसाच आहे. उद्या पोरीचं काही दुखलं तर तोच पुन्हा निघंल.”

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. मी तिथूनच साहेबांना फोन लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा केला. घडलं ते सांगितलं. ते आधी हळहळले. मग म्हणाले, “पण आजी, कोठ्या तिथे नव्हत्या, त्याला मी काय करणार?”

“मी सांगितलं होतं.”

“तोंडी सांगण्याची नोंद नसते. असं करू, मी येतो, फ्रीमध्ये नवीन रिपोर्ट देतो.”

“नवा नको. जुन्यावर लिहून द्या की खोली रिकामी केलेली होती, तुम्हाला तसं सांगितलं होतं, आणि या मुलीच्या मनाबद्दल लिहायचा तुम्हाला काही अधिकार नव्हता.”

“असं कोणी लिहून देत नाही हो. माझं नाव जाईल.”

“आणि हिचं गेलं ते?”

तिकडे गाडीचं दार लागल्याचा आवाज आला. मग, “हॅलो? हॅलो? आजी, तुमचा आवाज येत नाही आहे.”

व्याही खाटेवरून म्हणाले, “आम्हाले तर येऊन राह्यला.”

फोन बंद झाला. त्यानंतर त्यांनी माझा फोन कधी उचलला नाही. मी आधीच तो रिपोर्ट छापून बरोबर घेतला होता. तो हातात धरून काय करावं असा विचार करत होते, तेवढ्यात सून पुढे आली.

“द्या, मोठ्या आई. मी लिहिते.”

तिने तो उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर लिहिलं: कोठ्या कधी हलवल्या, खिडक्या कशा होत्या, कोणी कोणाला काय सांगितलं, मग सासूला काय झालं. एक शब्द वावगा नाही, एक शब्द रागाचा नाही. मी असं लिहू शकले नसते. खाली तिने सही केली, मग जाऊने, मग मी. मग सून सासूला म्हणाली, “आई, आधी कोठ्या घरातून बाहेर काढा आणि भिंत वरपर्यंत न्या. मग मी येते.”

“हौ,” जाऊ म्हणाली. ती लग्न होऊन आली तेव्हापासून मी तिला ओळखते. इतकं लहान उत्तर तिने कधी दिलं नव्हतं.

कोठ्यांसाठी अंगणात वेगळी शेड झाली, आणि गोळ्या बंद. तांदूळ आता ऊन दाखवून, कडुलिंबाचा पाला घालून ठेवतात. सोंडे होतात, निवडावे लागतात. भिंत छताला टेकली आणि सून आली. ते घुर्रघुर्र यंत्र जाऊच्या खोलीत कोपऱ्यात आहे. त्यावर तिने विणलेला रुमाल घातला आहे आणि मोबाइल ठेवते.

थोरले, आता तुला सांगते. तू ज्या घरात जाशील तिथल्या बायांनी तुझ्यासाठी घर आवरलेलं असेल. तू परक्या देशात आहेस, तिथेही असेल. ऑफिसवाले तर मुद्दाम आवरतील. यंत्र काढायच्या आधी विचार की माझ्यासाठी इथून काय काय हलवलं. ते परत जागेवर ठेवायला सांग आणि खाली बसून चहा घे. वेळ गेला तर जाऊ दे. ज्याचं डोकं दुखतं त्याला सगळ्यात आधी आणि एकट्याला विचार. आणि तुझ्या आकड्यांत त्याची तक्रार सापडली नाही, तर मला सापडली नाही असं लिही. ती नाही असं लिहू नकोस.

तो कागद माझ्या कपाटात आहे. मागच्या बाजूला तीन सह्या आहेत, सुनेची, जाऊची, माझी. त्यांच्याखाली सुनेने एक ओळ मोकळी सोडली होती आणि तिच्या सुरुवातीला ‘तपासणी करणारे’ एवढंच लिहिलं होतं. ती ओळ अजून मोकळी आहे.

तुमची
आजी